तयार रस्सा विकत आणण्याआधी हे करून बघा

चव येत नाही म्हणून मसाला वाढवत जाऊ नका. बहुतेक वेळा मसाला पुरेसा असतो, कांदा कच्चा असतो. चार जणांच्या रश्श्याला दोन मध्यम कांदे बारीक चिरा, चिमूटभर मीठ घाला म्हणजे पाणी लवकर सुटेल, आणि मध्यम आचेवर 15 ते 20 मिनिटं परता. गुलाबी झाला की थांबायचा मोह होतो. थांबू नका, चांगला तांबूस होऊ द्या. तळाला लागायला लागला तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्या, ती खरवड चवीचीच असते.

मग आलं-लसूण, त्याचा उग्र वास गेला की आच कमी करून हळद, तिखट, धणे-जिरेपूड. मसाल्याचा सुगंध तेलात उतरतो, म्हणून पाणी ओतायच्या आधी तो तेलात परतायलाच हवा. पण पूड अर्ध्या मिनिटात करपते, तेव्हा टोमॅटो चिरून हाताशी ठेवा. टोमॅटो गळून कडेने तेल सुटेपर्यंत परता. ही पायरी कृपा करून उरकू नका. पुढे गरम पाणीच घाला.

गरम मसाला शेवटी. तरी चव सपाट वाटली तर आधी मीठ बघा, मग थोडं लिंबू पिळा.

रोज एवढा वेळ नसतो हे खरं. सुट्टीच्या दिवशी कांदा-टोमॅटोचं वाटण जास्त प्रमाणात परतून, गार करून डब्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. मग एरवी भाजी शिजेपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच रश्श्याला लागेल.