टीव्ही रिमोटने बंद केला तरी वीज जळते का?

तुम्ही विचारलं, की टीव्ही नुसता रिमोटने बंद केला आणि चार्जर बोर्डातच राहिला, तर लाईट बिलात खरंच फरक पडतो का. पडतो, पण चार्जरमुळे नाही.

मी दारव्हा तालुक्यातला. मोबाईल नसताना चार्जरचं बटन चालू दिसलं की आमचे बाबा घर डोक्यावर घ्यायचे. तिकडे डिशचा डबा मात्र चोवीस तास सुरू. मला हे कळलं ते मांजरीमुळे. हिवाळ्यात टीव्ही बंद झाला की ती जाऊन डब्यावर बसायची. हात लावून पाहिलं, तर डबा गरम! रिमोटने फक्त चित्र जातं. डबा आत जागाच असतो, वर छतावरच्या छत्रीलाही तारेतून वीज पुरवत असतो.

मग मोजून पाहिलं. एका युनिटला मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्यावर ३२०० आहे. फ्रीज, इन्व्हर्टर, सगळं बंद केलं, फक्त डबा ठेवला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. जवळपास दोन मिनिटांनी एकदा लुकलुक. म्हणजे तासाला तीसेक वेळा, म्हणजे साधारण १० वॅट. टीव्ही पाहायचे चार तास सोडले तरी महिन्याला ६ युनिट फुकट. रिकामा चार्जर महिनाभर मिळून पाव युनिटही खात नाही, आणि नवा एलईडी टीव्ही फार तर अर्धा-पाऊण.

६ युनिट म्हणजे उन्हाळ्यातल्या तीन-चार रात्रींचा कूलर, फार मोठं घबाड नाही. पण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर भाव चांगलाच चढतो, आणि वाचतात ती वरची, महागातली युनिटं.

तेव्हा झोपताना डब्याचं बटन बोर्डावरून बंद करा. सकाळी चॅनल लागायला जरा वेळ लागतो, एवढंच. इन्व्हर्टरच्या भानगडीत पडू नका. तोही थोडी खातो, पण आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

पावसाळ्यात मात्र नुसत्या बटनावर विसंबू नका. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच पिन आणि छत्रीची तार, दोन्ही काढून ठेवा; एकदा गडगडायला लागलं की मात्र तारेला हात लावू नका. आमचा आधीचा डबा बटन बंद असताना जळाला. तार तेवढी लावलेली राहिली होती.