समितीवरची जागा आणि पक्षाची चिठ्ठी

सप्रेम आशीर्वाद.

ग्रंथालय समितीच्या जागेसाठी तू अर्ज केलास, तुला पुस्तकांची आणि हिशेबाची जाण आहे, आणि तरीही पहिला प्रश्न आला तो "तू कुणाची माणूस?" हे वाचून वाईट वाटलं. समितीवर जायचं तर पक्षात जावंच लागतं का, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जागेसाठी पक्षात जाऊ नकोस. पण जो पक्षात आहे त्याला समितीवर बसायचा हक्कच नाही, असंही मनात धरू नकोस. तुझ्या पत्रातला राग या दुसऱ्या टोकाकडे झुकलेला दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या समित्यांवर पगार नसतो, म्हणून लोक त्यांना किरकोळ समजतात. त्या किरकोळ नाहीत. बांधकामाच्या नियमांतून सूट द्यायची की नाही हे ठरवणारी समितीच घे. तिचं काम अर्धं न्यायालयाचं असतं. अर्जदाराचं ऐकायचं, शेजाऱ्यांच्या हरकती ऐकायच्या, पुरावा पाहायचा आणि कारणं नोंदवून निर्णय द्यायचा. तिथल्या सदस्याची जागा एखाद्या नेत्याच्या मर्जीवर टिकलेली असेल आणि अर्जदार त्याच नेत्याचा देणगीदार असेल, तर शेजाऱ्यानं कितीही मुद्देसूद हरकत घेतली तरी ती कुणाच्या कानापर्यंत पोचणार? पक्षीय नेमणुकांमधली खरी हानी इथं होते. कोणत्या पक्षाचे किती सदस्य हा हिशेब त्यापुढे दुय्यम आहे.

आणखी एक हानी आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. "आपली ओळख नाही, आपलं काय होणार" असं म्हणून जी माणसं अर्जच करत नाहीत, त्यांची मोजदाद कुठंच होत नाही. मग नेमणूक करणारे सांगतात, माणसंच मिळत नाहीत म्हणून कार्यकर्ते नेमले. ते खोटं बोलत असतात असं नाही. पण माणसं का येत नाहीत, हे त्यांनी कुणाला विचारलेलं नसतं.

जिंकणाऱ्यानं पदं वाटायची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत 1832 मध्ये सेनेटर विल्यम मार्सी यांनी लूट विजेत्याचीच असते असं सभागृहात उघडपणे मांडलं होतं. 1881 मध्ये पद न मिळाल्यानं चिडलेल्या एका इसमानं राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर 1883 मध्ये पेंडल्टन कायदा आला आणि केंद्रातल्या काही नोकऱ्या परीक्षेनं भरायला सुरुवात झाली. स्थानिक पातळीवरच्या नोकरदारांना मात्र खूप वाट पाहावी लागली. शिकागोच्या कुक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शेरीफ हा निवडून येणारा पोलीसप्रमुख बदलला आणि पक्ष वेगळा म्हणून जुन्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा ते न्यायालयात गेले. धोरण ठरवण्याशी ज्यांचा संबंध नाही अशांना केवळ पक्षामुळे काढता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1976 मध्ये दिला.

हे सगळं पगारी नोकऱ्यांबद्दल झालं, हे लक्षात घे. पगाराची नोकरी गेली की माणूस कोर्टाची पायरी चढतो. मानद जागा गेली की तो निमूट घरी जातो. म्हणून बिनपगारी समित्यांच्या बाबतीत सुधारणा रेंगाळली, असं मला वाटतं.

यावर कायद्यानं तोडगे निघाले आहेत, आणि त्यातले दोन तुला मुद्दाम सांगतो, कारण वरवर सारखे दिसले तरी त्यांच्यात फार फरक आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका पक्षाचे किती सदस्य असावेत यावर कमाल मर्यादा आहे. तीन जणांच्या मंडळात जास्तीत जास्त दोन, पाचांत चार, सातांत पाच, नवांत सहा. ती नगरांच्या मंडळांनाही लागू आहे. उरलेल्या जागा दुसऱ्या पक्षालाच द्या असं हा कायदा म्हणत नाही. पक्षाबाहेरचा माणूसही तिथं बसू शकतो. तिथल्याच डेलावेअर राज्यात न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी याहून कडक तरतूद होती. राज्यातल्या काही न्यायालयांसाठी एका मोठ्या पक्षाच्या वाट्याबाहेरच्या जागा दुसऱ्या मोठ्या पक्षाच्याच लोकांनी भरायच्या. समतोल साधला, पण कोणत्याच पक्षात नसलेल्याला दार बंद झालं. समतोलासाठी केलेल्या नियमानं पक्षाचं सदस्यत्व हीच पात्रता होऊन बसली. म्हणून कुणी तुला "आम्ही सर्व पक्षांना वाटा देतो" असं अभिमानानं सांगितलं, तर पक्षाबाहेरच्यांचा वाटा किती, हे नम्रपणे विचार.

त्या डेलावेअरच्या तरतुदीला जेम्स अ‍ॅडम्स नावाच्या वकिलानं आव्हान दिलं होतं. 2020 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा दावा फेटाळला. तरतूद योग्य की अयोग्य यात न्यायालय शिरलंच नाही. अ‍ॅडम्स खरोखर अर्ज करायला तयार आणि सज्ज होते हे त्यांना दाखवता आलं नाही, एवढ्यावर प्रकरण संपलं. यातून तुझ्यापुरतं घेण्यासारखं एकच आहे. नाकारलं जाणार हे दिसत असलं तरी अर्ज कर, रीतसर कर आणि पोच जपून ठेव. न केलेल्या अर्जावर कुणालाच दाद मागता येत नाही.

आपल्याकडे संविधानाच्या 243आर कलमानं नगरपालिकांवर नागरी प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना नामनिर्देशित करण्याची सोय ठेवली आहे. त्यांना बैठकीत मतदानाचा हक्क नाही. महाराष्ट्रात महापालिकांमधल्या या जागा पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात. साहजिकच ज्ञानाची अट कितपत पाळली जाईल हे गटनेता कुणाचं नाव पुढे करतो यावर अवलंबून राहतं. दोन पक्षांनी दिलेल्या दोन नावांची आपसांत तुलना होत नाही, कारण प्रत्येकाचा वाटा आधीच ठरलेला असतो.

मला त्यातल्या त्यात पटलेली वाट ब्रिटनची आहे. तिथं 1994 मध्ये लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 1995 च्या तिच्या अहवालानंतर सार्वजनिक मंडळांवरच्या नेमणुकांवर देखरेख ठेवायला स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. अंतिम निवड मंत्र्यांकडेच राहिली, पण आधी निवड मंडळानं पात्रता तपासायची असं ठरलं. तिथं अर्जदाराला गेल्या पाच वर्षांतलं आपलं ठळक राजकीय काम जाहीर करावं लागतं. ते काम केलं म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. लपवाछपवीला वाव उरत नाही, आणि नंतर त्याच्या मतांकडे लोक डोळस नजरेनं पाहू शकतात. ही व्यवस्था केंद्रीय मंडळांसाठी आहे, पण लहानशा गावाच्या समितीलाही ती परवडेल. त्यासाठी लागतो एक छापील अर्ज आणि तो सर्वांना पाहू देण्याची तयारी.

आता तू काय करायचं ते. ज्या समितीवर जायचं आहे तिच्या बैठकांना नागरिक म्हणून जाऊन बस. जुनी इतिवृत्तं मागून वाच. कोण कधी गैरहजर होतं, कोणता विषय चार वेळा पुढे ढकलला गेला, हे त्यात सापडतं आणि मुलाखतीत बोलायला खरं भांडवल मिळतं. सगळ्या सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपते की टप्प्याटप्प्यानं, तेही बघ. टप्प्याटप्प्यानं संपत असेल तर एका निवडणुकीनं अख्खी समिती पालटत नाही, आणि सदस्य जरा निर्धास्तपणे बोलतात. सदस्याला मुदतीआधी कोणत्या कारणानं काढता येतं, हेही नियमांत शोध. नुसत्या मर्जीनं काढता येत असेल, तर ती समिती किती मोकळेपणानं काम करेल याचा अंदाज येतो.

नेमणूक झाली, तर ज्यानं तुझं नाव सुचवलं त्याचा फोन येईल. धोरणाबद्दल तो काही सांगत असेल तर ऐक. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं म्हणणं ऐकण्यात गैर काही नाही. सुनावणी चालू असलेल्या प्रकरणाबद्दल बोलू लागला, तर त्याला तिथंच थांबव आणि असा फोन आला होता याची पुढच्या बैठकीत नोंद करून घे. पहिल्यांदा हे जड जाईल. पण एकदा नोंद झाली की तसे फोन सहसा पुन्हा येत नाहीत. उलट बाजूनं, आपण स्वतंत्र आहोत हे दाखवण्यासाठी दर वेळी नेमणाऱ्याच्या विरोधात मत देऊ नकोस. त्यातही निर्णय त्याच्याकडे पाहूनच होतो. आणि समोरच्या पक्षाच्या ज्या सदस्यावर तुझा राग आहे, त्याला ग्रंथालयाच्या इमारतीच्या गळक्या छताची माहिती तुझ्यापेक्षा जास्त असेल, तर त्याच्या शेजारी बसून ती समजून घे.

अर्जाचा मसुदा मला पाठव. कॉलेजात असताना तू एका उमेदवाराच्या प्रचाराला गेली होतीस, ते त्यात लिही. कुणी विचारायची वाट पाहू नकोस.