दमा असताना वजन कसं उतरवावं?

प्रश्न : मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 43, उंची पाच फूट, वजन 82 किलो. दमा जुना आहे, पण गेल्या चार-पाच वर्षांत फारच वाढलाय. महिना-दोन महिन्याला उबळ येते. गावातले डॉक्टर सुई देतात, बारीक पांढऱ्या गोळ्या देतात, आठ-दहा दिवस बरं जातं. पंपही दिलाय, पण सवय लागते म्हणतात, म्हणून अगदीच जीव घाबरा झाला तर ओढते. तोंड सुजल्यासारखं दिसतंय, पोट सुटलंय, शुगरही काठावर आलीय. वजन उतरवा म्हणतात, पण चालायला निघाले की मारुतीच्या देवळापर्यंत पोचायच्या आत छाती भरून येते. जाऊबाई म्हणतात कपालभाती कर. सासूबाई म्हणतात दमेकऱ्यानं घाम काढू नये. यंदा कोजागिरीला तुळजापूरला पायी जायची फार इच्छा आहे. मी काय करावं?

उत्तर : ताई, ‘अगदीच जीव घाबरा झाला तर पंप ओढते’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. लातूरला माझ्याकडे येणाऱ्या बायाबापड्यांकडून हेच ऐकत आलोय, आणि दर वेळी जीव तुटतो. तुमचं वजन वाढण्याचं मोठं कारण त्या एका वाक्यात आहे. रोजचा पंप घेतला जात नाही, म्हणून उबळ येते. उबळ आली की सुई आणि गोळ्या. त्या पांढऱ्या गोळ्या बहुतेक प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइडच्या असाव्यात, चिठ्ठी दाखवून खात्री करून घ्या. उबळीत त्या जीव वाचवतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण वर्षातून अनेकदा घेतल्या की भूक खवळते, अंगात पाणी साठतं, चरबी पोटावर आणि चेहऱ्यावर बसते, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मांड्यांचे स्नायू बारीक होतात. म्हणजे तुम्ही खादाड झाला आहात म्हणून हे झालेलं नाही. आणि हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नका. बरेच दिवस चालू असतील तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात, नाहीतर जिवावर बेतू शकतं.

पंपातही स्टेरॉइडच असतं, मग फरक काय, असं तुम्ही विचाराल. गोळ्यांचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, उबळीत दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत. पंपातल्या बुडेसोनाइडच्या एका दाबात साधारण 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, आणि तोही थेट श्वासनळीत. याची सवय लागत नाही. चष्म्याची लागते का? तुमच्याकडचा पंप कुठला, तेही बघा. नुसता सॅल्ब्युटामॉलचा असेल तर तो नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. तुम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, सूज उतरवणारा पंप हवा. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल (नळ्या बराच वेळ उघड्या ठेवणारं औषध) एकत्र असलेला पंप अनेकांना लागू पडतो.

पंप ओढायची पद्धत मी प्रत्येकाला समोर करून दाखवायला लावतो. बहुतेकांचं औषध जिभेवर आणि टाळ्यावर बसतं, काहींचं तर ओठांतून धुरासारखं बाहेर येताना दिसतं. म्हणून दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लॅस्टिकची लांबोडी नळी, लावाच. पंप हलवा, छातीतली हवा हळूहळू पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, एकदा दाबा आणि सावकाश खोल ओढा. मनात दहापर्यंत मोजून श्वास धरा. दुसरा दाब मिनिटभरानं. रोजचा पंप घेतला की चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. कॅप्सूलचा पंप असेल तर तो जोरात ओढायचा असतो, त्याची रीत वेगळी.

आता चालण्याचं. सासूबाईंची भीती खोटी नाही, त्यांनी कुणालातरी तडफडताना पाहिलं असेल. पण घामानं दमा वाढत नाही. आपण एरवी नाकानं श्वास घेतो, तेव्हा हवा आत जाताना कोमट आणि ओली होते. भरभर चाललो की तोंडानं, जोरजोरात हवा ओढतो. ती कोरडी हवा नळ्यांच्या आतल्या अस्तराचा ओलावा घेते, आणि आधीच सुजलेल्या नळ्या आवळतात. डिसेंबरातल्या पहाटे हवा गार आणि कोरडी असते, म्हणून तेव्हा जास्त त्रास होतो. गंमत अशी की हा त्रास बहुधा चालणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी सर्वांत जास्त असतो. साधी धाप थांबल्याबरोबर उतरायला लागते, छातीत शीळ वाजत नाही. दम्यात छाती आवळते, खोकला सुटतो, शीळ ऐकू येते आणि बसूनही वाढतच जातं. हा फरक ओळखता आला की निम्मी भीती जाते. जाड माणसाला, सवय नसलेल्याला धाप लागतेच, ती दर वेळी दमा नसते.

त्यासाठी एक पीक फ्लो मीटर, म्हणजे हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजणारं साधन, आणा. स्वस्त असतं, जोरात फुंकायचं आणि आकडा बघायचा. बरं असताना दोन आठवडे रोज फुंकून स्वतःचा सर्वांत चांगला आकडा काढा. समजा तो 320 आला. मग 256 च्या, म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या, वर असाल त्या दिवशी चाला. त्याखाली गेलात तर चालणं बंद, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध वाढवा. 160 च्या, म्हणजे निम्म्याच्या, खाली गेलात तर दवाखाना. तो आकडा वहीत लिहा, तपासायला जाताना वही घेऊन जा. ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा ती वही डॉक्टरांना खूप काही सांगते.

पंप महिनाभर नीट घेऊन रात्रीची झोप शांत लागायला लागली, की मग सुरुवात करा. डॉक्टरांना विचारून चालण्याआधी 10-15 मिनिटं आराम देणारा, म्हणजे नळ्या उघडणारा सॅल्ब्युटामॉलचा पंप घ्या. आधी दहा मिनिटं अंगणातच रमतगमत फिरा, मग थोडा वेग. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटायला लागला तर वेग जास्त झालाय. शेवटी एकदम बसू नका, वेग कमी करत थांबा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झाली तरी ती मला मान्य आहेत. मारुतीचं देऊळ लांब असू द्या, घरात ओटा ते दार फेऱ्या मारा. उन्हाळ्यात पहाटे, थंडीत ऊन पडल्यावर आणि नाकातोंडावर सुती रुमाल गुंडाळून.

चालण्याइतकंच महत्त्व मी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याला देतो. स्टेरॉइडनं खाल्लेल्या मांड्या त्यानं परत भरतात. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत धरून वर-खाली करा. कपालभाती तुम्ही करू नका. झटक्यानं श्वास फेकण्यानं तुमच्यासारख्या नाजूक नळ्या आवळू शकतात. भ्रामरी, सावकाश लांब श्वास सोडणं चालेल, औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे.

खाण्यात भाकरी सोडू नका. चहा मोजा. सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला सुमारे 240 कॅलरी नुसत्या साखरेतून. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरवर आणा, शेंगदाण्याचं कूट मुठीनं न घालता चमच्यानं घाला. भाकरी एक कमी करून मटकीची उसळ, घट्ट वरण, चालत असेल तर अंडं वाढवा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी करून उपवास होतो, वजन उतरत नाही. रात्री लवकर जेवा, भरल्या पोटी आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं आणि दमा चाळवतो. 82 वरून चार ते आठ किलो उतरले तरी श्वासात फरक कळेल. पन्नास-पंचावन्नची घाई करू नका.

तुळजापूर. यंदा पायी नको, ताई. वाईट वाटेल, मला सांगतानाही वाटतंय. कोजागिरी म्हणजे ऐन सोयाबीनच्या राशीचे दिवस, शेताशेतात मळणी यंत्र, हवेत भुसकट, बांधाला गाजर गवत. शिवाय रात्रीचं चालणं आणि दवाखाना लांब. यंदा गाडीनं जा, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, परतताना त्या चढायच्या आहेत, हे लक्षात ठेवून थांबत थांबत चढा. वर्षभर उबळीशिवाय गेलं, तर पुढच्या खेपेला शेवटचा टप्पा पायी करायचं आपण तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. राशीच्या वेळी खळ्यावर जाऊ नका, आणि घरात चूल असेल तर गॅसवर या.

पंप नीट घेऊनही उबळ थांबत नसेल तर लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी आणि आयजीई (दोन्ही ॲलर्जीत वाढतात), बुरशीची ॲलर्जी तपासावी लागते. नाकाचा त्रास, घोरणं हेही सांगा. अतितीव्र दम्यावर आता नव्या प्रकारची इंजेक्शनं आहेत. महाग आहेत, पण कुणाला लागू पडतील ते तपासणीतून कळतं. मृगाला दम्यावरचा उपाय म्हणून हैदराबादला मासा गिळायला जाणारी मंडळी मी पाहतो. त्यांची आशा मला समजते, पण त्या पायी रोजचा पंप थांबवू नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा आराम देणारा पंप ओढूनही चैन पडत नाही, तर गरम पाणी, लेप, सकाळची वाट, काही नको. ताठ बसवा, स्पेसरमधून सॅल्ब्युटामॉलचा एकेक दाब देत राहा, दहापर्यंत, आणि त्याच वेळी 108 ला फोन लावा.