पीएचपीतला ॲरे साधी यादी आहे का की-व्हॅल्यूचा, हे कसं तपासायचं?

भाऊ, एका ओळीचं उत्तर: पीएचपी ८.१ किंवा पुढचं असेल तर ॲरे_इज_लिस्ट(). कीज, म्हणजे नोंदींच्या खुणा, ०, १, २ अशा ओळीने सलग असतील तरच ते ‘यादी’ म्हणतं. इज_ॲरे() नुसतं ‘ॲरे आहे’ एवढंच सांगतं.

पण तुमचं दुखणं वेगळं आहे. जळगाव जिल्ह्याचे तालुकावार केळीभाव ॲपला पाठवता, कोड तोच, तरी ॲप एखाद्याच दिवशी पडतं, असं लिहिलंय. समजा रावेर, यावल, चोपडा, भुसावळ अशा चार नोंदी, कीज ०, १, २, ३. भाव न आलेला तालुका तुम्ही ॲरे_फिल्टर()ने गाळता. ते कीजना हात लावत नाही. भुसावळ गळालं तर ०, १, २ उरतात, जेसन (ॲपला माहिती ज्या मजकुरी साच्यात जाते तो) चौकोनी कंसात जातं, सगळं सुरळीत. यावल गळालं तर उरतात ०, २, ३. मध्ये खाच पडली म्हणून जेसन_एन्कोड() महिरपी कंसातला ऑब्जेक्ट पाठवतं आणि तिकडे जावास्क्रिप्ट ‘मॅप इज नॉट अ फंक्शन’ म्हणून बोंबलतं. चारही गळाले तर पुन्हा चौकोनी कंसच, रिकामा. म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही.

पाठवण्याआधी ॲरे_व्हॅल्यूज() लावा, ते कीज पुन्हा ०पासून सलग लावतं. अनसेट(), ॲरे_युनिक() यांच्यानंतरही कीजमध्ये खाच राहू शकते, तिथेही तेच करा. सॉर्ट() कीज नव्याने लावतं, एसॉर्ट() लावत नाही.

‘ॲपवाल्यानेच दोन्ही प्रकार सांभाळावेत’ हे सर्व्हरवाल्यांचं पालुपद आता पुरे. घोळ पाठवणाऱ्याचा, निस्तरायचाही त्यानेच.

सगळ्या कीज आकडी दिसल्या म्हणून ती यादी, हे तर साफ चूक. ४२५००१, ४२५२०१ असे पिनकोड कोट्समध्ये लिहिले तरी पीएचपी त्यांचे पूर्णांक करतं; यादी होत नाही ती. असे दोन ॲरे ॲरे_मर्ज()ने जोडले तर पिनकोड उडून ०, १, २ येतात. तिथे अधिक चिन्ह वापरा. तोच पिनकोड दोन्हीकडे असेल तर डावीकडचा भाव टिकतो.

होस्टिंगवर जुनं पीएचपी असेल तर ॲरे_कीज() आणि रेंज(०, काउंट - १) यांची तीन बरोबर चिन्हांनी तुलना करा. रिकामा ॲरे आधीच बाजूला काढा, कारण रेंज(०, -१) रिकामं येत नाही, ० आणि -१ देतं.

आणि हो, पिनकोडवार भाव पाठवायचे असतील तर ऑब्जेक्टच हवा, तिथे ॲरे_व्हॅल्यूज() लावू नका. एकही भाव नसेल त्या दिवशी मात्र रिकामा चौकोनी कंस जाईल, म्हणून एन्कोड करण्याआधी ऑब्जेक्टमध्ये कास्ट करून घ्या.