कौमार्यपटल, सील आणि कन्या

पाचोऱ्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. शाळेत आठवी-नववीच्या मुलींचा आरोग्याचा तास त्या घेतात. त्यांनी विचारलंय की 'कौमार्यपटल' म्हणू की 'योनिपटल', आणि ते पहिल्या संबंधात 'फाटतं' म्हणायचं की 'तुटतं'. शिवाय वर्गातल्या मुली आपसात 'सील' म्हणतात त्याचं काय करू, असंही.

ताई, सीलपासूनच सुरू करतो कारण त्या शब्दाने माझं डोकं उठलंय. परवा एसटी स्टँडवर मोबाईलच्या दुकानासमोर उभा होतो, आतला पोरगा गिऱ्हाइकाला डब्बा दाखवत म्हणाला सीलपॅक आहे भाऊ, आणि बाहेर टेकून उभ्या दोन पोट्ट्यांनी लगेच एकमेकांना कोपर मारून तोच शब्द गावातल्या एका नव्या नवरीवर टाकला आणि खिदळले. म्हणजे पोरगी डब्बा, नवरा गिऱ्हाईक, आणि सील तुटलेलं असेल तर माल परत. बरं, सील म्हणजे मुळात झाकण नव्हेच. लॅटिनमध्ये सिगिलुम म्हणजे छोटी खूण, मालकाने लाखेवर उठवलेली मोहर. वस्तू कोणाची हे सांगायला खूण, आत काय आहे ते झाकायला नाही. म्हणजे हा शब्द मुलीच्या शरीराबद्दल काही सांगतच नाही, मालक कोण एवढंच विचारतो. मुलींना हे असंच सांगा, नववीच्या पोरींना बरोबर कळतं.

आता पटल. खरा गुन्हेगार हा. संस्कृतात पटल म्हणजे छप्पर, थर, पापुद्रा. आपल्या आज्या डोळ्यात 'पडळ आलं' म्हणायच्या ना, ते पडळ म्हणजे हेच पटल, घरी वापरून वापरून झिजलेलं. आणि शाळेच्या पुस्तकात पोरं काय वाचतात, कर्णपटल आणि श्वासपटल. दोन्ही ताणलेले पडदेच. कानाचा पडदा फाटला की दवाखाना. मग त्याच पुस्तकी चालीवर 'कौमार्यपटल' आलं की पोरीच्या डोक्यात ढोलकीसारखा ताणलेला पडदाच उभा राहणार, आणि पहिल्या रात्री तो फाटणार, रक्त येणार, नाही आलं तर पोरगी खोटी.

अरे पण पडदा बंद असता तर पाळी कुठून आली असती? एवढा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. क्वचित एखाद्या मुलीत ते जन्मतः खरंच बंद असतं, मग वयात आली तरी पाळी दिसत नाही, दर महिन्याला पोट मात्र दुखतं, आणि डॉक्टरला छोटं ऑपरेशन करून वाट करून द्यावी लागते. म्हणजे लोक ज्याला शुद्धतेचं लक्षण समजतात तो खरा बंद पडदा म्हणजे आजार आहे! बाकी सगळ्या जणींत ती योनीच्या तोंडाशी असलेली मऊ कातडीची घडी, फ्रॉकच्या गळ्याला झालर असते तशी, मध्ये मोकळी. कोणाची गोल, कोणाची चंद्रकोरीसारखी, कोणाच्या मध्ये एक पट्टी, कोणाची इतकी कमी की दिसतच नाही. वयात येताना इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकामुळे ती जाड आणि लवचिक होते, ताणते आणि परत जागेवर येते. कित्येक जणींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. ज्यांना येतं त्यांना पुष्कळदा घाई, भीती आणि कोरडेपणा यांच्यामुळे येतं, म्हणजे त्यात नवऱ्याच्या अडाणीपणाचा वाटा मोठा. दुखायलाच पाहिजे असाही काही नियम नाही, आणि दर वेळी दुखत असेल तर सहन करत बसायचं नसतं, डॉक्टरीणबाईंना दाखवायचं असतं.

इथे पुरोगामी मंडळींशीही माझं भांडण आहे. ते मोठ्या उदारपणे म्हणतात, 'अहो सायकल चालवून पण जातं, खेळून पण जातं, म्हणून संशय घेऊ नका.' म्हणजे पडदा आहे, तो जातो, हे दोन्ही मान्य करून टाकलं आणि पोरीला सायकलचं सर्टिफिकेट दिलं. जिने सायकल चालवली नाही तिने काय करायचं? जायला तिथे काही नाहीच, हे सरळ सांगा की. २००४ साली 'पीडिॲट्रिक्स' ह्या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ३६ किशोरवयीन मुली, सगळ्या गरोदर राहिलेल्या, म्हणजे संबंध आला होता ह्यात वादच नाही. त्यातल्या फक्त २ जणींच्या तपासणीत शरीरसंबंधाची ठोस खूण दिसली. गरोदर बाईत तज्ज्ञांना खूण सापडत नाही आणि आमच्याकडे सासू चादर बघून निकाल देते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं की कौमार्य चाचणी नावाची काही शास्त्रीय चाचणी नाही, बंद करा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने, धुळ्या-जळगावची सरकारी मेडिकल कॉलेजं ज्याच्याखाली येतात त्याच, २०१९ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याची लक्षणं' हा भागच काढून टाकला. म्हणजे तोपर्यंत डॉक्टर होणारी पोरं ते पाठ करून परीक्षा देत होती, विचार करा. योनीत दोन बोटं घालून करतात त्या तपासणीबद्दल तर सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला स्पष्ट म्हटलं की बलात्काराच्या केसमध्ये जो कोणी ही करेल तो गैरवर्तनाचा दोषी. आणि कंजारभाट समाजातल्या तरुण पोरापोरींनी २०१८ मध्ये स्वतःच्या जातपंचायतीविरुद्ध उभं राहून लग्नातली चादर बघायची कौमार्य चाचणी चव्हाट्यावर आणली, त्याला जी हिंमत लागली ती आपल्यासारख्या शब्द चघळणाऱ्यांत नाही. पण म्हणून ही फक्त 'त्यांच्यातली' प्रथा आहे असं म्हणून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. चादर आपल्याकडे पंचांना दाखवत नाहीत, नुसती नणंद सकाळी खोली आवरायला जाते.

असो. मला ज्याबद्दल बोलायचंय ते वेगळंच आहे. इंग्रजी-ग्रीक शब्द हायमेन, त्याचा मूळ अर्थ कुठलाही पातळ पापुद्रा. म्हणूनच मधमाशा, मुंग्या आणि गांधीलमाशा ह्यांच्या कुळाचं नाव हायमेनॉप्टेरा, पापुद्र्याच्या पंखांचे. बरेच भाषाशास्त्रज्ञ त्याची सोयरीक आपल्या 'सिव्' धातूशी लावतात, वेदात स्यूमन् म्हणजे शिवण, आणि आपलं शिवणं त्यातूनच. आणि मोठ्या शहरात आता पैसे घेऊन डॉक्टर हे 'पुन्हा शिवून' देतात, म्हणजे शिवणीलाच शिवण! इफेससचा सोरेनस नावाचा वैद्य तर दुसऱ्या शतकातच लिहून गेला की योनीत आडवा पडदा असतो हा गैरसमज आहे. दोन हजार वर्षं होत आली.

पण खरी गंमत 'कन्या' मध्ये आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लोक म्हणतात कन्या म्हणजे व्हर्जिन. कोण म्हणालं? यास्काचार्य निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची उकल करणाऱ्या जुन्या ग्रंथात, कन्या शब्दाच्या तीन-चार व्युत्पत्त्या देतात, त्यातली एक 'कमनीया', हवीहवीशी, आणि दुसरी 'क्व इयं नेतव्या', हिला आता कुठे न्यायची, म्हणजे कोणाच्या घरी द्यायची! मुलीच्या बापाची काळजी घेऊन आचार्यांनी शब्द बनवला. यास्क मोठेच, पण ही व्युत्पत्ती ओट्यावर बसून केल्यासारखी आहे, मला मान्य नाही. कन्या सरळ लहानपणाचा शब्द आहे. कनिष्ठ, कनीयान्, कनिष्ठिका म्हणजे करंगळी, सगळं एकाच घरातलं. आणि त्यातलाच सगळ्यात गोड शब्द म्हणजे कनीनिका, डोळ्याची बाहुली. कनीनिका म्हणजे छोटीशी पोर. का? तर समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघा, आपलीच इवलीशी आकृती दिसते. लॅटिनमध्ये प्युपिला म्हणजे छोटी मुलगी, त्यातून इंग्रजी प्युपिल. ग्रीकमध्ये कोरे म्हणजे मुलगी आणि डोळ्याची बाहुलीही. आणि मराठीत बाहुली, हिंदीत पुतली. इतक्या भाषांनी आपापल्या ठिकाणी एकमेकांच्या डोळ्यात पाहिलं आणि सगळ्यांना तिथे पोरगीच दिसली!

आता पुढचं ऐका. पाणिनीच्या व्याकरणातलं सूत्र आहे, 'कन्यायाः कनीन च'. कन्येचा मुलगा तो कानीन. व्यास कानीन, कर्ण कानीन. पतंजली महाभाष्यात ह्यावर स्वतःच शंका काढतो की हे तर उलटसुलट झालं, कन्या असेल तर अपत्य कसलं, आणि अपत्य असेल तर ती कन्या कसली? आणि मग स्वतःच उत्तर देतो की नाही, काही विरोध नाही, कन्या हा शब्द लग्न होऊन संबंध आला की सुटतो, लग्नाआधी संबंध आला तर तिला कन्याच म्हणतात. वाचलंत? दोन हजार वर्षांपूर्वीचा वैयाकरण सांगतोय की कन्या ही शरीराची अवस्था नाही, लग्न झालं की नाही एवढंच. मार्कशीटवरच्या 'कु.' सारखं. आणि लोकांनी तर लग्नाचीही अट ठेवली नाही, रोज सकाळी म्हणतात त्या पंचकन्या बघा, अहल्या, द्रौपदी, तारा, मंदोदरी, आणि पाचवी कोणी कुंती म्हणतं कोणी सीता, सगळ्या लग्न झालेल्या. कोणी विचारलं का त्यांना पटलाबद्दल?

एक निवृत्त प्राध्यापक मला नेहमी ऐकवतात की मग मनुस्मृतीत 'अक्षतयोनि' आलंय त्याचं काय. आलंय, नवव्या अध्यायात, पुनर्विवाहाच्या संदर्भात. त्यात संबंध आलेला नाही एवढा अर्थ आहे, पडद्याचा उल्लेख कुठे दाखवा. पडदा सरांनी स्वतःच्या डोक्यातून तिथे टांगलाय.

तर कन्या म्हणजे लहान, कोवळी. आणि म्हणून माझं वर्षानुवर्षं म्हणणं आहे की आपल्या खान्देशची कानबाई ही कन्याबाईच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, नारळाला डोळे काढून नथ घालतात, नैवेद्याला 'कानबाईना रोट' होतात, भाऊबंदकी एका घरात गोळा होते, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर. विद्वान लोक सांगतात कान्हा म्हणजे कृष्ण, त्याची बाई ती कानबाई, आणि मग तिथून थेट 'कान्हदेश म्हणून खान्देश' इथपर्यंत उडी मारतात. अहो पण कृष्णाची बायको तर रुक्मिणी, राधा म्हणा फार तर. आमच्या आयाबाया तिला माहेरी आलेल्या लेकीसारखं नेसवतात-सजवतात, आंडेर म्हणजे मुलगी घरी आल्यासारखं कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यात पाणी आणून पाठवणी करतात. हे काय कृष्णाच्या बायकोचं वागणं आहे का, हे लेकीचं आहे. कन्या, मग कान, आणि मग पुढे बाई लावली. तिचं कन्हेराशी, ज्याला लोक कृष्ण मानतात, लग्न लावतात म्हणून ती कृष्णाचीच, असं कोणी म्हणेल, तर पंचकन्यांचीही लग्नं झालेली होती हे वर सांगितलंच आहे. माझं हे म्हणणं कोणत्याही कोशात सापडणार नाही, कारण कोश करणारे श्रावणात रोट खायला इकडे आले नाहीत.

हां, प्रश्न. कौमार्यपटल नकोच, त्यात कौमार्यही नाही आणि पटलही नाही. योनिपटल थोडं बरं पण पटल आहेच. स्वीडनमध्ये लैंगिक शिक्षण देणाऱ्या एका संस्थेने २००९ मध्ये जुना 'कौमार्याचा पापुद्रा' अशा अर्थाचा शब्द टाकून 'स्लीडक्रान्स' हा नवा केला, क्रान्स म्हणजे फुलांचं कडं, आणि तिथल्या भाषा मंडळाने तो नव्या शब्दांच्या यादीत घेतला. म्हणजे शब्द बदलता येतात. तुम्ही वर्गात 'योनीची झालर' म्हणा, फळ्यावर काढून दाखवा, चंद्रकोर काढा, गोल काढा, मध्ये जागा सोडायला विसरू नका. परीक्षेत पुस्तकातला शब्द लिहायला लागला तर लिहू दे बिचाऱ्यांना.

आणि क्रियापद, फाटतं पण नको, तुटतं पण नको. 'ताणतं' म्हणा. कधी कडेला थोडं खरचटतं, ते भरून येतं, हेही सांगा, नाहीतर जिला रक्त येईल ती घाबरेल की आपल्यात काही बिघडलं.

कोणाच्या आजीकडे कानबाईच्या जुन्या गाण्यात 'कन्या' किंवा 'कन्याबाई' असा उल्लेख असेल तर कृपया जशाच्या तशा ओळी, गावाच्या नावासकट पाठवा. कान्हावाल्यांनी तसदी घेऊ नये, तुमचं सगळं मी वाचलंय.