फाईल घरच्या लॅपटॉपवर सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मार्केट यार्डातल्या ऑफिसच्या सर्व्हरला ६४ जीबी रॅम असताना घरून जोडल्यावर ८ जीबीच का दिसते, डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल घरच्या लॅपटॉपवर का सापडत नाही, आणि राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, उघडू द्यावा का.

आधी फाईलचं सांगतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये तुम्हाला दिसतं ते तिकडच्या पडद्याचं चित्र. तुम्ही दाबलेली की तिकडे जाते आणि बदललेलं चित्र इकडे येतं. पावती, बेरीज, फाईल सगळं यार्डातच राहतं. वरची फुली दाबली की फक्त चित्र तुटतं, प्रोग्राम तिकडे चालूच असतो. घरची लाईट गेली तरी अर्धवट एंट्री वाचते ती त्यामुळेच. पण काम संपल्यावर साइन आउटच करा, नाहीतर तुमचं सेशन उगाच रॅम अडवून बसतं.

आता ८ जीबी. एका वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत तशी त्या एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, आहेत, आणि तुमच्या बिऱ्हाडाला ८ जीबी नेमून दिलेत. वाटणी हायपरव्हायझर नावाचा प्रोग्राम करतो. प्रोसेसरचे कोअर आहेत त्यापेक्षा जास्त वाटले तरी बहुधा निभावतं, कारण चौघं एकदम राबत नाहीत. रॅमचं तसं नाही. ती संपली की डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि सगळ्यांचंच काम रखडतं. वाढवून जरूर मागा, पण होस्टसाठी, म्हणजे मूळ सर्व्हरसाठी, थोडी शिल्लक ठेवायला सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतोच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचं गावभागातलं ऑफिस बुडालं, सर्व्हरसकट. पण व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे शेवटी एक मोठी फाईलच. पाणी चढतंय म्हटल्यावर मशीन नीट बंद करून ती फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि मिरजेला नेली. तिथे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच हायपरव्हायझर टाकून मशीन चालू केलं. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, तेवढा नव्याने द्यावा लागला. पडद्यावर आमचा तोच गणपतीचा फोटो आला तेव्हा डोळे भरून आले होते. नुसत्या स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवतात त्यावर, राहिलो असतो तर काही उरलं नसतं. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, मूळ फाईल गेली की तोही गेला.

३३८९ मात्र इंटरनेटला उघडा ठेवू नका, कुणी कितीही सांगो. उघडे पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली, ती पासवर्डशिवायच आत शिरू देणारी होती. मायक्रोसॉफ्टने कधीच मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा दुरुस्ती दिली. आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद खासगी रस्ता (वायरगार्ड नावाचा प्रोग्राम चालेल), आणि त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप.

सर्व्हर बघणाऱ्या माणसाला उद्याच दोन गोष्टी विचारा: बॅकअपची डिस्क कुठल्या मजल्यावर असते, आणि त्यातून मशीन शेवटचं कधी चालू करून बघितलं. काय सांगतो ते इथे लिहा, पुढचं बघू.