नकाशात बसतंय, मग खोलीत का बसत नाही?

मागच्या अंकात मी लिहून बसले की घराचा प्लॅन आधी स्वतः कॉम्प्युटरवर काढून बघा, फुकटात होतं आणि इंटिरियरवाल्याशी बोलताना आपल्याला दोन गोष्टी कळतात तरी. आता भोगतेय. प्रश्नांचा ढीग आलाय, त्यात निम्म्या लोकांनी स्क्रीनचे मोबाइलने फोटो काढून पाठवलेत, तेही तिरके, एकात तर प्लॅनपेक्षा चहाचा कपच जास्त दिसतोय. असो. सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात एकच, सॉफ्टवेअर गंडलंय. खरंच गंडलंय का ते एकेक करून बघू.

ताई, आमचा टू बीएचके आहे. मिस्टरांनी टेप धरली, मी मोबाइलवरच्या प्लॅनर ॲपमध्ये मापं टाकली. एका लाइनीत तीन खोल्या आहेत, टेपने बेरीज ३२ फूट १ इंच येते आणि ॲप ३१ फूट ७ इंच दाखवतं. भिंतीची जाडी यात धरलेलीच नाहीये. तीनदा मोजलं. ॲप बदलू का? – पाथर्डी फाटा

ॲप बदलू नका, आधी मला सांगा तुम्ही दहा फूट सहा इंच कसं लिहिलंत? तुम्ही पाठवलेल्या कागदाचा फोटो मी झूम करून बघितला, त्यावर १०.६, ११.१० आणि ९.९ असं लिहिलंय, आणि चोर तिथंच आहे.

आपल्याकडे गवंड्यापासून सुतारापर्यंत सगळे "दहा सहा" म्हणतात आणि मधे टिंब देऊन लिहितात, सगळ्यांना कळतं, कुणाचं काही अडत नाही. पण कॉम्प्युटरला टिंब म्हणजे दशांश चिन्ह. युनिट फूट ठेवलं असेल तर १०.६ म्हणजे त्याच्या हिशोबाने दहा फूट आणि एका फुटाचे दहातले सहा भाग, म्हणजे १० फूट ७.२ इंच. इथं सव्वा इंच वाढला. ९.९ चे झाले ९ फूट १०.८ इंच, तिथंही पावणेदोन इंच वाढले. आणि खरी गंमत मधल्या खोलीत आहे बघा, ११.१० म्हणजे त्याला ११.१ च, शेवटचं शून्य त्याच्या लेखी नाहीच, त्यामुळे तुमची ११ फूट १० इंचाची बेडरूम झाली ११ फूट १.२ इंच. जवळजवळ नऊ इंच गेले! वाढलेलं आणि गेलेलं एकमेकांत मिसळून बेरजेत फरक दिसतो सहाच इंचांचा, म्हणून तो सापडत नाही आणि माणूस तीनदा टेप धरतो. (मिस्टरांना उगाच बोलला असाल तर सॉरी म्हणून टाका.)

उपाय सोपा, ॲपच्या सेटिंगमध्ये फूट-इंच असा वेगळा पर्याय असतो तो घ्या, मग फूट आणि इंच वेगवेगळे टाकता येतात. नाहीतर सरळ मिलिमीटर. १० फूट ६ इंच म्हणजे १२६ इंच, गुणिले २५.४, म्हणजे ३२०० मिलिमीटर. टेपच्या दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतातच, तिकडूनच वाचा, मी तर आता फूट लिहितच नाही.

पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, त्यातली माजघराची खोली स्केचअप या थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. चारही भिंतींची मापं बरोबर टाकली, समोरासमोरच्या भिंती सारख्या, १२ फूट आणि १० फूट. पण त्यात दिवाणाचं मॉडेल बरोबर कोपऱ्यात बसतं आणि खऱ्या दिवाणामागं मात्र चांगली चार बोटं फट राहते. – पंचवटी

दादा, जुन्या वाड्यातली खोली गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असेल हे तुम्ही धरलंतच कसं? आमच्याकडे एक मिस्त्री यायचे ते भिंतीला गुण्या लावायच्या आधीच हसायचे. चार बाजूंची मापं कितीही बरोबर असली तरी खोलीचा आकार त्यावरून ठरत नाही, खाटेची चौकट ढिली झाली की कशी एका बाजूला कलते, लांबी रुंदी तीच पण आकार बदलला, तसंच हे. कर्ण मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

१२ बाय १० ची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या आसपास यायला हवेत. तुम्हाला फोनवर मोजायला लावले तेव्हा एक आला १५ फूट ३ इंच आणि दुसरा १६ फूट. म्हणजे खोली चांगलीच कललेली आहे आणि तुम्ही रेक्टँगल टूलने झक्कास आयत काढून ठेवलाय.

आता काढायचं कसं, तर आधी १२ फुटांची एक भिंत रेघ म्हणून काढा. तिच्या एका टोकावर १० फूट त्रिज्येचं वर्तुळ आणि दुसऱ्या टोकावर कर्णाच्या त्रिज्येचं वर्तुळ, जिथं छेदतील तो तिसरा कोपरा. पण थांबा, इथं स्केचअपची एक खोड आहे जी कुणी सांगत नाही. त्याचं वर्तुळ खरं वर्तुळ नसतं, २४ बाजूंचा बहुभुज असतो, कोपरे त्रिज्येवर आणि बाजूंचे मध्य थोडे आत. १५ फूट त्रिज्येला हे आत येणं दीड इंचापर्यंत जातं, म्हणजे इतकं कर्ण मोजून परत चूक ती चूकच. म्हणून सर्कल टूल घेतल्यावर आधी ९६ टाइप करून एंटर मारा, मग वर्तुळ काढा, फरक इंचाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. आणि हो, मापं जमिनीलगत घेऊ नका, वाड्याची भिंत खाली फुगलेली असते, दिवाणाच्या उंचीवर घ्या.

घर छान काढून झालं, मग थ्रीडी वेअरहाउसवरून (स्केचअपचं तयार मॉडेल्सचं ऑनलाइन भांडार) सोफा, झुंबर, देवघर आणलं आणि आता स्केचअप इतकं हळू चालतं की माउस फिरवला की चहा पिऊन यावं. लॅपटॉप नवीन घ्यावा का? – सातपूर

नवीन लॅपटॉपचे पैसे फर्निचरला ठेवा. तुमचं सगळं घर मिळून जेवढे फेस (मॉडेलचे सपाट पृष्ठभाग) असतील त्याच्या कितीतरी पट त्या एका नक्षीदार देवघरात असतील, कुणीतरी हौसेने प्रत्येक घंटी कोरलेली असते. आणलेली वस्तू आधी वेगळ्या रिकाम्या फाइलमध्ये उघडून मॉडेल इन्फोमध्ये स्टॅटिस्टिक्स बघायची, आकडा डोळ्यात भरला की दुसरी शोधायची. तुम्ही म्हणताय झुंबर डिलीट करूनही फरक पडला नाही, कारण ते चित्रातून गेलं पण फाइलमधून नाही गेलं, त्याच स्टॅटिस्टिक्सच्या खिडकीत पर्ज अनयूज्ड (न वापरलेलं काढून टाका) आहे ते दाबा. सावल्या बंद ठेवा, शेवटी फोटो काढताना चालू करा.

ब्राउझरमधलं स्केचअप वापरत असाल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे ना बघा. ते बंद असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

निवृत्त झाल्यावर हा छंद लागलाय. आमच्या बंगल्याचं मॉडेल केलं, सावल्या चालू केल्या, तर आमच्या उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही असं दाखवतं. प्रत्यक्षात जूनमध्ये पाऊस लांबला की भर दुपारी तिथं खिडकीच्या कट्ट्यावर उन्हाची पट्टी येते, मी रोज बघतो. – गंगापूर रोड

काका, तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आणि मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्त त्याच्या वर साडेतेवीसवर. म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरून ओलांडून उत्तरेला जातो, मेच्या विशीच्या सुमारास एकदा डोक्यावर येतो, मग जुलैच्या तेवीस-चोवीसच्या आसपास परत येताना. मधल्या दोन महिन्यांत दुपारी तो थोडासा उत्तरेकडे असतो, २१ जूनलाही साडेतीन अंशांपेक्षा कमीच, म्हणून पट्टी कट्ट्यावरच थांबते, आत येत नाही. छज्जा नसलेली खिडकी असणार तुमची.

मग स्केचअप का मानत नाही? कारण तुम्ही लोकेशन दिलेलं नाही. गाव सांगितलं नाही की ते अमेरिकेतलं बोल्डर धरून चालतं, सॉफ्टवेअरचा जन्म तिकडचा ना. बोल्डर ४० अंशांवर, तिथं दुपारचा सूर्य उत्तरेला जाणं शक्यच नाही. तर आधी ॲड लोकेशनमधून आपली जागा द्या, मग शॅडोच्या पॅनेलमध्ये टाइम झोन अधिक साडेपाच आहे का तपासा, कारण तो चुकला तर ऊन बरोबर पण घड्याळ चुकीचं असा प्रकार होतो. तपासायची युक्ती, नाशिकला सूर्य माथ्यावर बाराला येत नाही, वर्षाची सरासरी धरली तर १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येतो, भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. मॉडेलमध्ये सगळ्यात आखूड सावली बारालाच पडली तर समजा कुठंतरी गडबड आहे.

आणि तिसरं, प्लॅन काढताना सगळे रस्ता खाली ठेवतात. स्केचअपला मात्र हिरव्या अक्षाची सलग रेघेची (टिंबटिंबांची नव्हे) बाजू म्हणजे उत्तर. तुमचा रस्ता पश्चिमेला असेल तर अख्खा बंगला फिरवावा लागेल. दिशा फोनच्या कंपासवर बघणार असाल तर गाडीच्या बॉनेटवर फोन ठेवून बघू नका, लोखंडाजवळ तो काहीही सांगतो. स्वीट होम थ्रीडी हे घराच्या प्लॅनचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी, प्लॅनच्या कडेला जो कंपास दिसतो त्यावर डबल क्लिक करा, उत्तर, अक्षांश, टाइम झोन सगळं एकाच खिडकीत आहे.

स्वीट होममध्ये फोटो काढला की हॉल काळाकुट्ट. दिवे चार लावलेत. – सिडको

दिव्यांची उंची बघा, स्लॅबच्या आत गाडले गेलेत बहुतेक. सीलिंगच्या दोन इंच खाली आणा. आणि फोटोची वेळ रात्रीची नाहीये ना तेही बघा.

ओट्याखालच्या ट्रॉल्यांसाठी प्लॅनची प्रिंट सुताराला दिली, स्केल १:५० (कागदावर १ म्हणजे जागेवर ५०) लिहिलेलं होतं, त्याने पट्टीने मोजून माल कापला, सगळं मिळून सहा इंच कमी पडलं. आता तो म्हणतो नकाशा चुकीचा. – नाशिकरोड

सुताराचंही बरोबर आणि तुमचंही, चूक झेरॉक्सच्या दुकानात झाली. पीडीएफ प्रिंट करताना तिथला मुलगा सवयीने फिट टू पेज दाबतो, कागद भरून सुंदर प्रिंट येते आणि स्केल जातं खड्ड्यात. तुमच्या प्रिंटवरची १० फुटांची रेघ मोजून सांगा म्हटलं तर ५८ मिलिमीटर निघाली, ती ६१ पाहिजे. तीन मिलिमीटर म्हणजे काय ते, तर दहा फुटांच्या ओट्यात सहा इंच.

यापुढे प्रिंटला ॲक्चुअल साइज सांगायचं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १० फुटांची एक रेघ काढून ठेवायची, दुकानातच पट्टी लावायची, ६१ नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. ३० बाय ४० फुटांचा प्लॅन १:५० ने ए-फोरवर आरामात बसतो, त्याला फिट करायची गरजच नाही. आणि खरं म्हणजे सुताराला पट्टी लावूच द्यायची नाही, प्रत्येक माप आकड्यात लिहायचं, आणि माल कापायच्या आधी त्याने जागेवर येऊन टेप लावलीच पाहिजे.

हे मी शहाणपणा करून सांगत नाहीये. माझ्या स्वतःच्या किचनमध्ये फ्रिजसाठी कोनाडा काढला होता, कॉम्प्युटरवर फ्रिज दोन्ही बाजूंना बोटभर मोकळा. मी भिंती विटांच्या धरल्या, प्लास्टर धरलंच नाही. प्लास्टर अर्धा इंच, त्यावर टाइल आणि तिचा माल मिळून अजून तेवढंच, असं दोन्ही बाजूंनी, झाले दोन इंच. फ्रिज हॉलमध्ये आहे, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो.

आर्किटेक्टकडून आलेल्या ऑटोकॅड फाइलमध्ये खोल्यांची नावं मराठीत आहेत म्हणे, मला काहीतरी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. – मखमलाबाद

त्यांनी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलंय आणि तो फाँट तुमच्याकडे नाही. युनिकोड (आताच्या सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारा) फाँट टाकून ती खिचडी सुधारणार नाही. त्यांच्याकडून पीडीएफ मागवा, नाहीतर नावं निर्मला किंवा मंगलमध्ये परत टाइप करून द्यायला सांगा. खिचडीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र उलटं, मजकूर युनिकोडच आहे, टेक्स्ट स्टाइलमधला फाँट बदलला की दिसेल.

लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, दोन तासांचं काम गेलं आणि स्केचअपची फाइल आता उघडतच नाही. – आडगाव

सगळं गेलेलं नाही. विंडोजवर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एसकेबी फाइल असेल, शेवटच्या आधीच्या सेव्हची. तिची कॉपी करा, कॉपीच्या नावातलं शेवटचं एसकेबी काढून एसकेपी करा आणि उघडा. ऑटोकॅडमध्ये बीएके असते, तिला डीडब्ल्यूजी करायचं. पण तुम्ही लिहिलंय की दोन तासांत सेव्ह एकदाच केलं, तर मग जेवढं त्याच्या आधी होतं तेवढंच मिळेल, त्याला माझ्याकडे इलाज नाही. लाइट जायच्या आधी कंट्रोल एस.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना सॉफ्टवेअरचं नाव लिहा, युनिट कुठलं ठेवलंय ते लिहा, आणि स्क्रीनशॉट पाठवा. चहाचा कप नको.